तपकिरी पेन्सिलीची वही

डॉ. दिनकर गांगुर्डे गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी सात वाजता नाशिकमधल्या राहत्या घरी हृदयविकाराने गेले. त्या दिवशी दवाखान्यात दुर्बिणीच्या तीन तपासण्या ठरल्या होत्या. तिन्ही रुग्ण रात्रीपासून उपाशी येऊन बाकावर बसले होते. त्यांतले एक येवल्याचे पैठणी विणकर सोपानराव. सहायक डॉक्टर सुनंदाबाई बाहेर आल्या, बातमी सांगितली आणि म्हणाल्या, "तुम्ही आता चहा घ्या." सोपानराव म्हणाले, "डॉक्टरांनी बघितल्याशिवाय कसा घेऊ?" आणि चहा न घेताच एसटीने परत गेले.

दिनकर माझा शाळेपासूनचा मित्र. सत्तरचे दशक संपता संपता त्याने लवचिक दुर्बीण आणली आणि तिची नळी पहिल्यांदा स्वतः गिळली. काय होते ते कळल्याशिवाय दुसऱ्याला 'घाबरू नका' म्हणायचे नाही, असे त्याचे मत होते. अन्ननलिकेच्या कर्करोगाचे रुग्ण त्याच्याकडे पाणीही उतरेनासे झाल्यावर येत. त्याला त्या आधीची अवस्था पकडायची होती. नळीतून आयोडीन फवारले की निरोगी अस्तर तपकिरी होते. बिघडलेली जागा रंग घेत नाही. दिसेल तसे तो तपकिरी पेन्सिलीने वहीत काढी.

सोपानराव ऐंशी सालानंतर आले. गरम चहा छातीत टोचतो, एवढीच तक्रार. फिके डाग दोन निघाले. दिनकरने दोन्हींचे तुकडे तपासायला मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवले. अहवाल आला: एक साधा व्रण; दुसरा कर्करोग नव्हे, पण त्या वाटेवर. बाटल्यांवर आकडे होते, चित्रातल्या डागांवर नव्हते. कोणता डाग कोणता, ते कळेना.

"चूक माझी आहे सोपानराव. पुन्हा नळी घालावी लागेल."

सोपानरावांनी वही मागून घेतली, बराच वेळ पाहिली. "नक्षी अशी अंदाजानं काढता का डॉक्टर? मोर कुठं बसतो ते आम्ही घरं मोजून ठरवतो. एक घर चुकलं तर चोच पाठीवर जाते."

पुढच्या खेपेला त्यांनी नक्षीसाठी वापरायची आलेखाची वही आणून दिली. दातांपासूनचे अंतर उभे, अन्ननलिकेचा घेर आडवा मांडून दिनकरने पुन्हा तुकडे घेतले. बिघडलेला डाग नेमका सापडला.

मुंबईला जाऊन छाती उघडायची, हा एक मार्ग होता. "मग मागावर हात चालंल का?" सोपानरावांनी विचारले. दिनकर म्हणाला, खात्री देता येत नाही. जपानमध्ये अस्तराखाली खारे पाणी टोचून डाग वर उचलतात आणि नळीतूनच तारेच्या फासाने कापतात, असे त्याने वैद्यकीय मासिकात वाचले होते. दोन महिने तो मटणाच्या दुकानातून बकऱ्याच्या अन्ननलिका नेऊन हात बसवत होता.

"सगळे मांडी मागतात डॉक्टर, तुम्ही हे काय नेता?" खाटिकाने विचारले.

"मांडीला भोक पाडून मला काही शिकता येणार नाही," दिनकर म्हणाला.

भोक पडले तर त्याच दिवशी छाती उघडावी लागेल, हे त्याने सोपानरावांना स्पष्ट सांगितले. ते म्हणाले, "घरं नीट मोजा म्हणजे झालं."

डाग निघाला. भोक पडले नाही. कापलेल्या तुकड्याच्या कडा निरोगी असल्याचे मुंबईने कळवले. आठवड्याभरात सोपानराव पुन्हा मागावर बसले. त्यानंतर दर वर्षी तपासणी होई. आदल्या संध्याकाळी दिनकर ज्याचे त्याचे पान आखून, वर नाव-तारीख घालून ठेवी.

त्या सोमवारीही त्याने तीन पाने आखून ठेवली होती.

अठरा दिवसांनी सोपानराव पुन्हा उपाशी आले. तपासणी सुनंदाबाईंनी केली. पान तेच वापरले. नाव आणि रेघा दिनकरच्या हातच्या आहेत. तारीख खोडून नवी घातली आहे. घरे त्याच्याच तपकिरी पेन्सिलीने भरली आहेत. एकही घर कोरे नाही.

घशाची बधिरता उतरल्यावर, तासाभराने, सोपानरावांनी बाकावर बसून चहा घेतला.