मांजराचा वाटा

आमच्याकडे चौलला आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, खरेदीत सगळ्यात कटकटीचा माल म्हणजे सुका जवळा, ती वाळवलेली बारीक कोळंबी. घेणं सोपं, निवडणं जीवघेणं. पावसाळ्याआधी मागच्या पडवीत चटई टाकायची, जवळा पसरायचा आणि मान मोडेपर्यंत त्यातली वाळू, शिंपल्यांचे तुकडे आणि जवळ्याबरोबर जाळ्यात आलेली माशांची पिल्लं वेगळी करायची. वाळू अंगणात, पिल्लं मांजराला. त्या ढिगाला सासूबाई ‘मांजराचा वाटा’ म्हणतात.

लग्न होऊन आले तेव्हा मी जवळा कमी निवडायची आणि तो वाटाच बघत बसायची. शर्टाच्या बटणाएवढं पापलेट, सुतळीच्या तुकड्यासारखी वाकटी, जबडा वासलेला एवढासा बोंबील. “बघ गो, पुढच्या वर्षाचं कालवण,” असं म्हणत सासूबाई ते मांजरापुढे टाकायच्या. मला वाईट वाटायचं. जेवताना मात्र वाटायचं नाही.

यंदा जवळा घेऊन मावशी आली ती पेढ्यांचा डबा घेऊनच. मावशी म्हणजे रेवदंड्याची आमची कोळीण, माझ्या लग्नाआधीपासून या घरात मासळी घालणारी. तिच्या मुलानं कंपनीतली नोकरी सोडली होती, त्याचे हे पेढे.

“लोक नोकरी लागली की पेढे वाटतात. तू सुटली म्हणून वाटतेस?” सासूबाईंनी टोमणा मारलाच.

“व्हय तर! बापाची होडी आता तोच चालवनार. नारली पुनव झाली का दर्यात. आख्ख्या आलीला पेढं देनार हाय मी. दर्या परसन्न हाय औंदा. जवला बगा कसा, निवडायला नको न् काय नको!”

खोटं नव्हतं. असा स्वच्छ जवळा मी या घरात पाहिला नव्हता. पेढा तोंडात टाकून आम्ही बसलो आणि चहा निवायच्या आत पहिलं सूप हातावेगळं झालं. सासूबाई तर खुशीत गुणगुणायला लागल्या.

मांजर आलं, नेहमीच्या कोपऱ्यात बसलं आणि ओरडायला लागलं. त्याचा वाटा द्यायला मी वळले, तर ढीगच नव्हता. चिमूटभर वाळू आणि शिंपल्यांचा चुरा. मी दुसऱ्या पिशवीत तळापर्यंत हात घातला. बटण नाही, सुतळी नाही.

मी सरकारी कचेरीत फायली हलवणारी बाई, मला दर्यातलं काय कळतं? पण माघात मावशीच म्हणाली होती, औंदा थंडी पडलीच नाही, पाणी कोमटच राहिलं, जाळी जेलीफिशनं भरून येतात. तेव्हा मी म्हटलं होतं, “मग त्यांचंच कालवण करा.” माशांची अंडी आणि पिल्लं जेलीफिश खातात, आणि पाण्याचं तापमान बिघडलं की पिल्लांचं खाणं वेळेवर तयार होत नाही, ती उपाशी मरतात, हे मी नंतर कुठंतरी वाचलं आणि विसरूनही गेले. आता ते आठवलं.

“मावशी, यात पिल्लं का नाहीत?”

“बरं झालं की! तुमचा तरास वाचला.” ती हसली. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे जवळ्यावर गेले.

ती खाली बसली. एक मूठ तळहातावर घेऊन अंगठ्यानं पसरली. दुसरी घेतली. मग पिशवीच चटईवर उपडी केली. सासूबाईंचं गुणगुणणं थांबलं.

“सगल्यांच्या जवल्यात असंच हाय,” ती हळू बोलली. “आमी म्हटलं, यंदा साफ गावला.”

मला भीती वाटत होती आणि ती तोंडावर दिसू नये म्हणून मी उगाच सूप झटकत राहिले.

“पिल्लंच न्हाय तं माजा पोर दर्यात मारल काय फुडं?”

कंपनीवाले त्याला परत घेतील का, एवढंच मी विचारलं. तिनं नकारार्थी मान हलवली. त्याच्या जागी दुसरा लागलासुद्धा होता.

जवळा तिनं परत पिशवीत भरून दिला. पेढ्यांचा डबा पाटीत तळाशी ठेवला, त्यावर फडकं टाकलं आणि पाटी डोक्यावर घेतली. शेजारची वहिनी दारात उभी राहून तिला हाका मारत होती. मावशी तिच्या दारावरून खाली मान घालून तशीच पुढे गेली.