आखूड नळी

रफीक मिस्त्रींनी विचारलेला प्रश्न अनुत्तरित ठेवूनच इंदुमतीचे डोळे मिटतात. दुपार कलली आहे. मेढ्याच्या रस्त्यावरील त्यांच्या गॅरेजसमोर, चिंचेच्या सावलीत, जुनी पांढरी पिकअप उभी आहे आणि इंदुमती चालकाच्या जागेवर बसली आहे. पलीकडचे दार तिने वाऱ्यासाठी उघडे टाकले आहे. "ताई, सायलेन्सर मी नवाच टाकतो," मिस्त्री म्हणाले होते, "पण नळी कुठवर न्यायची ते तेवढं सांगा. होती तशी आखूड ठेवू, की पार मागेपर्यंत?" छपरावर उभी नळी न्यावी, हाही विचार झाला, परंतु रानवाटेवर ती फांद्यांत अडकणार आणि तिच्या धगीने लगतच्या पेट्यांतले मेण वितळणार, म्हणून तो मागे पडला. उरले दोनच मार्ग.

या गाडीतून तिचे थोरले बंधू विश्वंभर मधमाश्यांच्या पेट्या नेत असत. डोंगरावरचा फुलोरा सरला की खाली, सूर्यफुलाच्या शेतांकडे. पूर्ण लांबीची नळी मागच्या फाळक्याखाली धूर सोडते आणि चढावर तो धूर उलटून पेट्यांत शिरतो, म्हणून त्यांनी ती स्वहस्ते कापली आणि तिचे तोंड केबिनखाली आणून ठेवले. पेट्या लादल्या की काचा वर, हा त्यांचा दुसरा नेम. सुटलेली माशी केबिनमध्ये येते, आणि काच उघडी असली तर बाहेर उडून परमुलखात हरवते. गेल्या हिवाळ्यात एका पहाटे गाडी रस्त्याच्या कडेला नीट लावलेली सापडली. इंजिन चालू होते, माश्या सुखरूप होत्या, आणि विश्वंभर स्टिअरिंगवर मस्तक टेकून निजले होते ते कायमचे. डॉक्टर म्हणाले, केबिनमध्ये साचलेला धूर. भेटीला आलेली माणसे म्हणाली, भाग्यवान, झोपेत गेला. तो शब्द इंदुमतीला अजून सलतो आहे. आता हीच गाडी विश्वंभरांचा मुलगा शार्दूल चालवणार, आणि काचा वरच ठेवणार. वडिलांचा नेम तो प्राण गेला तरी मोडायचा नाही.

मिस्त्रींच्या हातोडीचे ठोके दूर जातात, विरळ होतात, आणि त्यांच्या जागी कानशीचा आवाज येतो. खर्र, खर्र. इंदुमती पाहते तो गाडीशेजारी विश्वंभर उकिडवे बसून नळीचे कापलेले तोंड घासत आहेत. अंगात तोच कोपरावर विरलेला सदरा आहे.

"इंदे, जरा बाजूला हो. उजेड अडतोय."

"अण्णा, तू गेलायस."

"ठाऊक आहे गं. पण धार राहिली तर कुणाचा तरी हात कापेल."

इंदुमतीच्या मस्तकात तिडीक उठते. "हात कापेल! हाताची काळजी आहे तुला!" ती त्यांच्या हातातून कानस हिसकावते आणि भिरकावून देते. कानस गवतात पडते. गॅरेजच्या तेलकट जमिनीवर गवत केव्हा उगवले, हे तिला उमगत नाही. सभोवती जांभळाची झाडे आहेत, त्यांच्या तळाशी पेट्या मांडलेल्या आहेत, आणि विश्वंभरांच्या चेहऱ्यावर आता जाळीचा बुरखा आहे.

"हळू बोल," ते जाळीआडून म्हणतात. "दचकतात त्या."

"दचकू देत! आम्ही दचकलो नाही? वहिनी अजून गाडीचा आवाज आला की दारात येऊन उभी राहते."

"ती चहा टाकते का अजून, माझ्या वेळेला?"

"टाकते. आणि ओतून देते."

विश्वंभर एका पेटीचे झाकण हलकेच उचलतात, आणि आतून माश्यांच्या गुणगुणीऐवजी माणसांचा गलबला ऐकू येतो. तेराव्याची पंगत बसली आहे. पत्रावळी मांडल्या आहेत, आणि पंक्तीत मधोमध, मांडी घालून, स्वतः विश्वंभर जेवत आहेत.

"विश्वंभर भाग्यवान हो," शेजारचे केरूनाना भुरका मारून म्हणतात. "ना दुखणं, ना खुपणं."

"खरंय," विश्वंभर मान डोलावतात. "इंदे, वरण वाढ थोडं. मीठ बेताचंच पडलंय बघ."

इंदुमती वरणाची बादली जमिनीवर आपटते. "भाग्यवान म्हणायचं नाही! कुणी म्हणायचं नाही! धुराने गुदमरून गेलाय हा, स्वतःच कापलेल्या नळीच्या धुराने!" एकही मान वर होत नाही. केरूनाना जिलेबी मागतात. विश्वंभर मात्र पत्रावळीला नमस्कार करून उठतात, हात धुतात आणि दार उघडून तिला म्हणतात, "चल, बस गाडीत. तुला एकदा सगळं सांगून टाकतो."

केबिनमध्ये गारठा आहे. काचा वर आहेत. आसनाखालून इंजिनाची धडधड पाठीत शिरते आहे, आणि समोरच्या काचेवर दहा-वीस माश्या चालत आहेत.

"डोकं जड झालं होतं?" ती विचारते.

"झालं होतं. वळणावरच कळलं मला. म्हणून तर गाडी कडेला घेतली."

"मग इंजिन का चालू ठेवलंस?"

"थंडी होती गं. म्हटलं, घटकाभर टेकू."

"आणि काच?"

विश्वंभर माश्यांकडे बोट दाखवतात. त्यांच्या मुद्रेवर असे वात्सल्य आहे की ते पाहून इंदुमतीला रडू येण्याऐवजी दातावर दात चढतात. "पेट्या चढवताना आत शिरल्या होत्या. काच उघडली असती तर उडाल्या असत्या. अनोळखी रानात घर कसं सापडायचं त्यांना?"

"कामकरी माशी दीड महिना जगते, अण्णा! तूच शिकवलंस मला. दीड महिना! तेवढ्यासाठी तू..."

"जीव तेवढाच असतो म्हणून तर जपायचा."

"आणि शार्दूल? त्याला कोण जपणार?"

विश्वंभर रस्त्याकडे पाहत राहतात. "तो माझ्याहून सावध आहे."

"तो तुझ्याहून हट्टी आहे! तू केलंस ते त्याला देव्हाऱ्यातल्यासारखं वाटतं. कालच म्हणाला, आत्या, बाबांनी नळी जिथे ठेवली तिथेच राहील."

"नळी मागे नेलीस, तर शेवटच्या रांगेतल्या पेट्या घाटातच मरतील."

"शेवटची रांग आम्ही नेणारच नाही. रिकामी ठेवू."

"रांग सोडायची?" त्यांचा स्वर प्रथमच दुखावतो. "वडिलांच्या काळापासून आपण पेटी मागे ठेवलेली नाही, इंदे."

"तुला पोचवून आलो ना आम्ही? तुझ्याशिवाय राहतोय ना? मग एका रांगेचं काय घेऊन बसलास!"

ती काच उतरवण्याच्या मुठीला हात घालते. विश्वंभर तिचे मनगट धरतात. त्यांच्या हाताला मेणाचा वास आहे. "माश्या जातील."

"जाऊ देत."

मूठ फिरत नाही. इंदुमती दोन्ही हातांनी ती ओढते, आणि त्या ओढण्यात भेटीला येऊन गेलेल्या प्रत्येक माणसावरचा, वहिनीच्या ओतलेल्या चहाचा, या शांत, मायाळू, अविचारी माणसावरचा सगळा संताप उतरतो. काच कुरकुरत बोटभर खाली येते. मग वीतभर. माश्या एकेक करून बाहेर जातात. विश्वंभर त्या दिसेनाशा होईतो पाहतात, नंतर तिच्या अंगावरून वाकून फटीशी तोंड नेतात आणि छाती भरून श्वास घेतात.

"बरं वाटलं," ते म्हणतात.

"आत्ता?" इंदुमती किंचाळते. "आत्ता बरं वाटतंय तुला?"

स्वतःच्याच ओरडण्याने ती जागी होते. चिंचेची सावली गाडीवरून सरकून गेली आहे. रफीक मिस्त्री हातोडी घेऊन धावत येतात. "ताई, काय झालं?"

शेजारची काच पार खाली, दाराच्या पोटात गेली आहे. आणि इंदुमतीच्या घामेजल्या हातात, खिट्टीसकट मोडून आलेली, काच उतरवण्याची मूठ आहे.

ती मोडक्या मुठीकडे पाहते. राग अद्याप उतरलेला नाही.

"नळी मागेपर्यंत न्या," ती म्हणते. "फाळक्याच्या बाहेर. आणि प्रत्येक सांधा पुन्हा तपासा. केबिनखाली कणभर धूर गळता कामा नये."

"शार्दूल नाही म्हणाला तर?"

"मी बोलेन त्याच्याशी."

मिस्त्री तिच्या हातातल्या मुठीकडे पाहतात. "द्या ती इकडे. नवी बसवून देतो."

"बसवू नका."

"अहो, मग काच वर कशी घेणार तो?"

"घेऊच नये."

"आणि पावसापाण्याचं, ताई?"

"भिजेल," इंदुमती म्हणते, आणि मूठ पिशवीत टाकून गाडीतून खाली उतरते.