अंगठ्याने केलेली शेती

ये शकीला, अशी जवळ येऊन बस. आणि आधी तो मोबाइल खाली ठेव. खाली म्हणजे खाली, मांडीवर नाही. आता या वयात आपल्याला रागवायला कोण उरलंय? म्हणून मीच रागावते. ज्या बायांचा अंगठा दुखतो आणि ज्या "वय झालं" म्हणून गप्प बसतात, त्यांनीही हे वाचावं. पण लिहिलंय तुला. तुला ऐकू येत नाही, वाचता येतं. माझं अक्षर वाकडं आहे आणि रोज थोडंच लिहायची परवानगी आहे, तेव्हा सांभाळून घे.

पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजी, अंगठा आत घेऊन मूठ मिटा. आता ती मूठ करंगळीच्या बाजूला वाकवा." मी वाकवली आणि अशी किंचाळले, की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून दारात आली.

"डी क्वेर्व्हेन टेनोसायनोव्हायटिस," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "बाई, मराठीत सांगा. मरायचं असेल तर निदान काय होऊन मरतेय ते कळू दे."

त्या हसल्या. माझा हात हातात घेऊन त्यांनी दाखवलं. अंगठा हलवणाऱ्या दोन दोऱ्या मनगटाजवळ एका अरुंद नळीतून जातात. तेच ते काम सारखं केलं, की दोऱ्या घासतात, नळी सुजते, आणि मग अंगठा हलवला की कळ येते. म्हणाल्या, "मरत कोणी नाही याने. पण असंच चालू ठेवलंत, तर साधा डबा उघडता येणार नाही."

आता मागचं सांगते. तुला अर्धं माहीत आहे, बाकीच्यांना काहीच नाही.

चाकणजवळ महाळुंग्यात आमचं आणि शकीलाचं शेत एका बांधाला होतं. कंपन्या आल्या, दोन्ही शेतं गेली. आता तिथे नव्या कोऱ्या गाड्या रांगेने उभ्या असतात. शकीला तिकडेच पत्रे ठोकणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये कामाला लागली आणि त्या धडधडाटात तिचे कान गेले. आमचे हे वारल्यावर मी थेरगावात महेशकडे आले, चौथ्या मजल्यावर. गंमत बघा, माझा मुलगा रोज कंपनीच्या बसने तिकडेच जातो जिथून मी आले. एकदा म्हटलं, मला पण ने की रे, शकीलाकडे सोड. तर म्हणतो, "आई, आयडी कार्ड लागतं."

फोनवर बोलावं तर ती "काय? काय?" करते. व्हिडिओ लावला तर दोघी ओरडतो आणि शेवटी हात हलवून बंद करतो. मेसेज लिहायला गेलं तर दोघींचा जीव जातो, "बरी हाय" च्या पुढे गाडी जात नाही.

माझी सून पल्लवी शहाणी. तिने दोघींच्या मोबाइलवर शेतीचा खेळ घालून दिला आणि आम्हाला शेजारणी करून टाकलं. अंगठा ओढत नेला की पेरणी होते. तसाच ओढला की पाणी. विळा धरून ओढला की कापणी. कांदा तर चहा उकळेपर्यंत तयार! शेजारणीच्या शेतात जाऊन पाणीही घालता येतं. आणि शेजारीण खेळत असली, की तिच्या नावापुढे हिरवा दिवा लागतो.

शकीला, बांधावर तरी आपण कुठे बोलायचो? तू तुझं खुरपायचीस, मी माझं. चहाला बसलो की तेवढं काय ते बोलणं. मोबाइलवर पण तसंच झालं. दिवा लागला की मला वाटायचं, आली शेतात.

पहिल्यांदा दुखलं ते साडीला पिन लावताना. मग दुधाची पिशवी उचलताना, मग कुलूप उघडताना. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सुपारीएवढी गाठ आल्यासारखं वाटायचं. सकाळी जास्त.

गल्लीतल्या डॉक्टरांनी विचारलं, भाकऱ्या थापता का, कपडे पिळता का. म्हटलं, थापते, पिळते. ते म्हणाले, "मग बरोबर आहे. हाताला आराम द्या." त्यांचं काय चुकलं? म्हातारीचा हात बघून तिला गेमचं कोण विचारील? मला तरी कुठे सुचलं होतं? ज्यात वजन नाही, घाम नाही, ते काम असतं असं मला वाटतच नव्हतं.

पल्लवीला फार वाईट वाटलं. म्हणाली, "आई, आजपासून तुम्ही काही करायचं नाही." पोळ्यांना बाई लावली. भांडी दुसऱ्या बाईकडे, कपडे मशिनमध्ये. सगळं माझ्या भल्यासाठी.

पण आधी मी सकाळी पीठ मळायचे, भाजी निवडायचे, जिन्यात कोणी भेटलं तर दोन शब्द व्हायचे. ते सगळं गेलं. महेश शिफ्टला, पल्लवी हिंजवडीला ऑफिसात, पोळ्यांची बाई कानात वायर घालून लाटते आणि जाते. मग मी हाताला आराम द्यायला बसले, आणि बसल्या बसल्या शेत नांगरत राहिले. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत.

दुखणं कोपरापर्यंत चढलं. एक दिवस हातातून चहाचा कप सुटला, तेव्हा महेशने रजा टाकली आणि पिंपरीला नेलं.

बाकावर नंबर यायला वेळ होता. कांदा काढायला आला होता, म्हणून मी मोबाइल काढला. थोड्या वेळाने वर बघते तर डॉक्टरबाई दारात उभ्या राहून माझ्या अंगठ्याकडे बघताहेत.

आत गेल्यावर विचारलं, "आजी, काम काय करता?"

"काही नाही हो. शेती."

"कुठे?"

मी मोबाइल वर करून दाखवला. महेशने कपाळावर हात मारला. "अगं आई!"

"असू द्या," त्या म्हणाल्या. "हात नंतर बघते, पण दुखणं मला बाहेरच दिसलं."

मग ती मूठ वाकवायची परीक्षा झाली. अंगठ्याचा सांधा झिजलाय का ते बघायला एक्स-रे काढला, साखर तपासली. दोन्ही ठीक निघालं. स्प्लिंट दिला, म्हणजे अंगठा आणि मनगट जागचं हलू न देणारा पट्टा. फडक्यात गुंडाळून बर्फ, लावायला मलम. एवढ्याने उतरलं नाही तर स्टेरॉइडचं इंजेक्शन, म्हणजे सूज बसवणारं औषध थेट त्या नळीत. आणि खेळ बंद. मी म्हटलं, "थोडा?" त्या म्हणाल्या, "बंद म्हणजे बंद. मी सांगेपर्यंत."

पल्लवीने तुला मेसेज केला, आईंचा हात दुखतोय, खेळणार नाहीत. तुझं उत्तर आलं, "बरं. आराम कर." बस, एवढंच.

बायांनो, ते पट्ट्याचे आठवडे मला विचारू नका. दुखणं उतरत होतं आणि रिकामं घर वाढत होतं. दुपारी खालच्या मजल्यावरच्या कुकरच्या शिट्ट्या मोजायचे. गॅलरीतून डांगे चौकाकडे जाणाऱ्या गाड्या दिसतात, त्यातली एकही आपल्याकडे येणारी नाही. मला कांद्याचं काही पडलेलं नव्हतं गं. तो दिवा बघायचा असायचा. आणि मनात यायचं, शकीलाला वाटेल, हिराबाई बांध टाकून गेली. आधी गाव सोडलं, आता हेही. मग ती दुसरी शेजारीण करील, आणि आपल्यात उरलेलं एवढंसं, तेही संपेल.

पट्टा निघाला. इंजेक्शनची वेळ आली नाही. डॉक्टरबाईंनी मूठ वाकवून बघितली, मी नुसतं "हं" म्हटलं. त्या म्हणाल्या, "मोबाइल टेबलावर ठेवायचा, पहिल्या बोटाने खेळायचं, कणकेचे हात धुवायला लागतात तेवढाच वेळ." आणि भाकरी हळूहळू सुरू करा म्हणाल्या! हात चालता ठेवा, पण एकच काम दळत बसू नका. देव त्यांचं भलं करो. रागावल्या, पण माझ्या खेळाला हसल्या नाहीत.

घरी येऊन मोबाइल टेबलावर ठेवला. भीतभीत उघडला. एवढ्या दिवसांत सगळ्याचा वाळून कोळसा झाला असणार म्हटलं.

सगळं हिरवं होतं, शकीला.

एकूण एक वाफा. आणि प्रत्येक वाफ्यावर पाण्याचा थेंब आणि त्याखाली तुझं नाव. कालचं, परवाचं, त्याच्या आधीचं. आधी मला रडू आलं. मग माझाच अंगठा आठवला. पाणी घालायचं म्हणजे अंगठा ओढायचा. तुझं शेत, वर माझं शेत. दुप्पट.

आणि मला पट्टा असताना ईदला व्हिडिओ लावला, तेव्हा तुझ्या उजव्या मनगटाला चिंधी बांधलेली होती. मी खूण करून विचारलं तर म्हणालीस, "काय न्हाई, पानी भरून दुखतंय." तुझ्या दारात नळ आहे गं! कुठलं पाणी भरत होतीस, ते मला आता कळलं.

तेव्हा ऐक माझं. आजपासून माझ्या शेताला पाणी घालायचं नाही. वाळू दे. मी रुसणार नाही, आणि दुसरी शेजारीणही करणार नाही. अंगठा मुठीत घेऊन वाकवून बघ. ओरडलीस, तर तिथल्या डॉक्टरला गेमचं आधी सांग, लाजू नकोस. नाहीतर तुझ्याही भाकऱ्या बंद करतील आणि तुला माझ्यासारखं बसवून ठेवतील.

नाहीतर इकडेच ये. आपल्या डॉक्टरबाईंना दाखवू. चाकणहून बस धर, भोसरीला बदल, डांगे चौकात उतर. कोणाला तरी सोबत घे. मी स्टॉपवर उभी राहीन, हाक मारणार नाही, हात हलवीन. पोळ्यांच्या बाईला त्या दिवशी सुट्टी देते. तुझा डावा आणि माझा डावा मिळून एक तरी भाकरी होईल.

ये गं. लवकर ये.