पहिल्या नावाची गाडी

रोहण्यात आमच्या शेजारी एक किराणा दुकानदार राहतात. त्यांची छोटी गाडी एका देशी आणि एका विदेशी कंपनीनं भागीदारीत काढली होती. पुढं भागीदारी मोडली, विदेशी कंपनी निघून गेली आणि तीच गाडी नवं नाव, नवा बिल्ला लावून विकली जाऊ लागली. यांच्याकडची पहिल्या नावाची. रोज सकाळी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं ती पुसता पुसता ते येणाऱ्याजाणाऱ्याला हे सगळं ऐकवतात आणि दर वाक्यामागं "समजलं का?" विचारतात.

यंदा त्यांची मुलगी काडीमोड घेऊन माहेरी आली. गावात कुजबुज सुरू झाली, तशी ती घराबाहेर पडेना. एका सकाळी त्यांनी तिला अंगणात बोलावून हातात किल्ली दिली. लग्नानंतर तिनं गाडी चालवलीच नव्हती.

"बाबा, लोक पाहून राह्यले."

"पाहू दे. भागीदारी मोडली म्हणून गाडी थांबली का? चालव, मी बाजूले बसतो."

गाडी गचका खाऊन बंद पडली. त्यांनी नुसतं किल्लीकडं बोट केलं. मग गाडी निघाली.

आता आर्वीहून दुकानाचा माल तीच आणते. परवा माझ्या दारात हॉर्न वाजवून म्हणाली, "काकू, येता का? समोरची सीट रिकामीच आहे."