अंगठ्याचा शटडाउन

काल सकाळी प्लांटच्या वसाहतीतल्या आमच्या सेक्टर 10 च्या क्वार्टरमध्ये नातवाला पलंगावरून उचलायला गेले आणि अंगठ्यापासून मनगटापर्यंत अशी कळ गेली की हातच सुटला. पोरगा गादीपासून चार बोटंच वर होता म्हणून बरं... तो हसला, मी मात्र तिथेच बसून राहिले.

लेक जवळच बोरसीला राहते. ड्युटीवर जाताना पोराला माझ्याकडे सोडते. माझ्या हाताने दगा दिला तर तिची नोकरी सुटणार, एवढंच डोक्यात फिरत होतं.

डॉक्टर म्हणाले, रोज बाळाच्या काखेत हात घालून उचलल्यामुळे अंगठ्याचा स्नायुबंध सुजला आहे. अंगठा आणि मनगट दोन्ही हलू न देणारा पट्टा घ्या, काही आठवडे आराम करा. आराम... मला हसूच आलं.

तिथून दुकानात गेलो. सोबत हे, ह्यांच्या खांद्यावर नातू. हे प्लांटमधून रिटायर झालेले, जन्म मेंटेनन्समध्ये गेला, बोलणं मोजकंच.

दुकानदाराने दोन पट्टे दाखवले. एक मऊ, नुसता मनगटाला गुंडाळायचा. दुसऱ्यात कडक पट्टी, अंगठ्याला वरपर्यंत धरून ठेवणारी... तो घातला तर साधी वाटी उचलता येईना.

मी मऊ पट्टा बाजूला काढला. अंगठा मोकळा राहील, पोळ्या होतील, फडकं पिळता येईल... दुखणं कशाने थांबेल हे मनातही आलं नाही.

"हाच कावून?" ह्यांनी विचारलं.

"यात कणीक मळता येते."

ह्यांनी नातवाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाले, "मशीन दुरुस्तीले शटडाउनवर घेतली का आमी स्विचवर लाल टॅग लावत होतो. मंग कोनीबी येवो, काम होयेपर्यंत ते चालू नाही करत. तुहा हात आता शटडाउनवर हाय."

आणि दुकानदाराला कडक पट्टा द्यायला सांगितलं. माझ्या हाताला बांधून बघितला, आवळतोय का, बोटांना मुंग्या येतात का, दोनदा विचारलं. मग एक साइज मोठा घेतला.

घरी आल्यावर ह्यांनी त्या पट्ट्यावर खरंच लाल रिबीन बांधली! कणीक ह्यांनीच मळली... ती परातीला आणि ह्यांच्या कोपरापर्यंत चिकटली. शेवटी आम्ही भात खाल्ला.

आज नातवाला हे उचलतात आणि माझ्या मांडीवर आणून ठेवतात. लेक उद्याही त्याला इथेच सोडणार आहे. तो रिबीन तोंडात घालतो, मी डाव्या हाताने त्याला थोपटते.

इतकी वर्षं वाटायचं, ह्यांना फक्त मशीनचंच दुखणं कळतं. काल मांडीवर हात ठेवून नुसती बसले, करायला काहीच नव्हतं, आणि डोळे भरून आले... मी किती दमले होते, ते मलाच माहीत नव्हतं.