निळ्या पडद्याची वही

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात. एक म्हणजे मशीन परत जोडल्यावर उरलेले स्क्रू आणि दुसरी म्हणजे किस्से. कुठले कुठून आले ते आठवत नाही, पण टाकवतही नाहीत!

नांदेडला माझं आणि गंगाधरचं भागीदारीत दुकान आहे. आमच्याकडे एक आजार फार येतो. काम चालू असताना पडदा निळा होतो आणि मशीन बंद. बहुतेक वेळा दोष ग्राफिक्स कार्डच्या ड्रायव्हरचा, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा असतो. त्याचं अपडेटच बिघडलेलं येतं. ते काढायचं, जुनं परत टाकायचं. दहा मिनिटांचं काम. फक्त गिऱ्हाइकानं एक खरं सांगावं, "बंद पडायच्या आधी काय केलं होतं?"

उत्तर ठरलेलं. "काहीच केलं नाही!"

माझी बायको शोभा हे ऐकून हसायची. ती शिरूर अनंतपाळजवळच्या एका शाळेत शिकवायची, तिथंच खोली करून राहायची, शनिवारी नांदेडला यायची. तिच्या वर्गातला कॉम्प्युटरही निळा पडायचा. "अहो, एकदा येऊन बघा ना. पोरांना धड्याचा व्हिडिओ लावला की बंद पडतो."

मी म्हणायचो, "बघू."

*

लग्नाचे व्हिडिओ करणारे एक मामा आले. "काहीच केलं न्हाई, सायेब. आपोआप निळा पडून राहिला."

मशीन उघडलं, तर एकावर एक तीन ड्रायव्हर टाकलेले!

"मामा, हे काय?"

"ते व्हय? ते सकाळी केलं. बंद तर दुपारी पडला!"

*

खंडेनवमीला फ्लेक्सच्या दुकानदारानं मशीनची साग्रसंगीत पूजा केली. दुसऱ्या दिवशी पडदा निळा. गंगाधरनं कार्डाच्या पंख्यातून झेंडूची पाकळी आणि चिमूटभर कुंकू काढलं. तरी पडदा निळाच, कारण दोष ड्रायव्हरचा होता.

दुकानदार भडकला. "फूल होतं तवर चालू तरी होत होता! तुम्ही कशाला हात लावला?"

*

एका कार्यालयातून फोन आला. मी गेलो, जुना ड्रायव्हर टाकला, मशीन सुरू झालं. साहेब चहा घेऊन आले आणि पडदा बघून त्यांचा चेहराच उतरला.

"दुरुस्त केलं? तुम्हाला कुणी सांगितलं? नादुरुस्त आहे एवढं लिहून पाहिजे होतं!"

बाहेर बाकावर आठ-दहा माणसं कागद घेऊन बसली होती. त्यांच्यादेखत साहेबांनी मशीनची वायर काढली.

*

गंगाधरला एकच औषध माहीत, सगळं पुसून नव्यानं भरायचं. एका काकांचं मशीन त्यानं असंच कोरं केलं. मी तेव्हा बँकेत गेलो होतो. परत आलो तेव्हा तो काकांना म्हणत होता, "बघा काका, कसं नवं झालं!"

काकांनी लेकीच्या लग्नाचे फोटो शोधले. मग चष्मा काढून पुसला.

"मला जुनंच पाहिजे होतं," एवढंच म्हणाले.

त्यानंतर मी नियम केला. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक वही द्यायची. पडदा निळा झाला की तारीख, वेळ, तेव्हा काय चालू होतं, सगळं लिहून आणायचं. मगच मशीनला हात. आजवर एकानंही आणलं नाही. एकाच्या वहीत लिहिलेलं होतं, "साखर दोन किलो."

शोभानं पुन्हा शाळेचं काढलं तेव्हा मी तिलाही म्हणालो, "नियम म्हणजे नियम. आधी लिहून आण."

तिनं काउंटरवरची एक वही उचलून पर्समध्ये टाकली.

*

गेल्या पावसाळ्यात शोभा आजारी पडली. तीन आठवड्यांत गेली.

दिवस झाल्यावर शाळेतून हेडसरांचा फोन आला, बाईंचं सामान घेऊन जा. त्या शाळेत मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. कपाटात दोन साड्या, खडूचा डबा आणि ती वही.

तिच्या वळणदार अक्षरात पानंच्या पानं. तारीख, वेळ, धडा. "व्हिडिओ लावला. तिसऱ्या मिनिटाला निळा." एके ठिकाणी खाली रेघ मारून, "व्हिडिओ नसला तर दिवसभर चालतो. दिवाळीनंतर अपडेट झालं तेव्हापासून सुरू." निदान तिनंच करून ठेवलं होतं. शेवटच्या पानावर, "ह्यांना वही दाखवली. दुकानात गर्दी होती. पुढच्या शनिवारी म्हणाले."

तो शनिवार मला आठवत नाही.

मी वर्गात जाऊन बसलो. नवा ड्रायव्हर काढला, जुना टाकला. दहा मिनिटं लागली. व्हिडिओ लावला. तीन मिनिटं झाली, चार झाली. पोरं तिसऱ्या मिनिटाला श्वास रोखून बसली होती, ती आनंदानं ओरडायला लागली.

हेडसर दारात उभे होते. "एवढंच होतं व्हय? बाईंनी तुम्हाला सांगितलं न्हवतं का, सर?"

"सांगितलं होतं."

"मग तुम्ही काय केलं?"

"काहीच केलं नाही," मी म्हणालो.