मामूंची मधली मूठ

घाईला लाज वाटावी असा खामगावात एकच माणूस होता, आणि ते माझ्या मित्राचे मामू होते. उभी हयात जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी बांधणाऱ्या प्रेसचे फिटर. निवृत्तीनंतर पुतण्याच्या झेरॉक्सच्या दुकानात मागच्या टेबलावर संगणक मांडून बसले आणि पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकले. कोणताही प्रोग्राम टाकण्याआधी ते त्याच्या सूचना मोठ्यानं वाचत, आणि चूक आली की चष्मा पुसून ती उभ्यानं पुन्हा वाचत. "मशीन बोलून राह्यली न बे, आइकून तर घे," म्हणत. गिऱ्हाइकंही झेरॉक्स विसरून ऐकत राहत.

मी शेतकरी संघटनेचा, पत्रकांवर वाढलेला. मला उद्गारचिन्ह आधी सुचायचं, पुरावा मागाहून. त्या साली बीटी कपाशीचं बियाणं कितीतरी शेतांत उगवलंच नाही. आम्ही संघटनेच्या पोरांनी गावोगाव फिरून तक्रारी मोबाइलवर नोंदवल्या: नाव, गाव, पाकिटावरचा लॉट नंबर, पाकिटाचा फोटो. यादी मुदतीच्या शेवटच्या दिवशी पाचच्या आत कृषी कार्यालयात पोचायला हवी होती. उशीर झाला असता तर लोकांनी रान मोडून दुबार पेरणी केली असती, मग पंचनामा कशाचा करणार? आणि सगळ्या नोंदी मोबाइलनं दाबून एका फाइलीत कोंबलेल्या, ती उघडेना. मी ती घेऊन मामूंच्या टेबलाशी धावलो.

"गठाण हाय ही," मामू म्हणाले. "पट्ट्या खोलाची मशीन लागन." ती मशीन म्हणजे एक लायब्ररी, कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला तयार प्रोग्राम, आणि पायथनमधून ती चालवायला तिचं रॅपर, म्हणजे मधला जोड. मी घाईत नुसतं रॅपर टाकलं. लाल अक्षरांचा ढीग आला. मामूंनी तो शेवटपर्यंत वाचला.

"पट्टा चढवला बे तू. इंजिन कुठी हाय?"

मग आधी लायब्ररी, नंतर चहा, नंतर रॅपर. चार ओळी लिहिल्या आणि नावं पडद्यावर सरसर उतरली. मी छापायला उठलो, तर त्यांनी मनगट धरलं.

जिनिंगचा दंडक होता: गठाण वरून पाहून पास करायची नाही, मधून मूठभर कापूस ओढायचा. मामूंनी यादीच्या मधलीच एक सुमनबाई काढली आणि तिच्या पाकिटाचा फोटो उघडला. पाकिटावरचा लॉट नंबर शून्यानं सुरू होत होता. यादीत शून्य गायब. नोंदीचा नमुना मीच बनवला होता, आणि लॉट नंबर म्हणजे साधी संख्या असं मीच ठरवलं होतं. संख्येच्या डावीकडच्या शून्याला संगणक विचारत नाही, कार्यालय विचारतं. नंबर जुळला नाही की तक्रार बाद.

"सगळ्याइले समोर शून्य लावून देऊ," मी म्हणालो.

"कोणाले एक, कोणाले दोन. तुले काय मालूम? फोटो पाहा."

जेवण राहिलं. ते फोटोवरून एकेक आकडा वाचत, मी टाइप करी. मध्ये नमाजापुरते उठले, तेवढंच. पाचला थोडं कमी असताना कार्यालयात साहेबांनी यादीतले तीन नंबर पाकिटांच्या फोटोंशी ताडून पाहिले आणि शिक्का मारला. पंचनामे झाले. पत्रकात मी मामूंचे आभार छापायला घेतले, तर ती ओळ त्यांनीच खोडली. "माह्यं नाव काऊन? म्या त गठाण खोलली."

आता मामूंना पडद्यावरची अक्षरं दिसत नाहीत. काही नवं लिहिलं की मी त्यांना वाचून दाखवायला जातो. सुरुवातीच्या माझ्या गर्जना ते ऐकतच नाहीत, हात वर करून थांबवतात.

"मधातलं वाच," म्हणतात.

आणि मी जरा घाबरतच मधलं पान काढतो.